अंदाजाचा व्यापार

संध्याकाळी दादरच्या पुलावरून उतरणाऱ्या गर्दीत मोबाइलवर नजर खिळवून चालणाऱ्या एखाद्या तरुणाला 'काय वाचतोस' असे विचारले, तर उत्तर कधी कधी मोठे चमत्कारिक मिळते. जर्मनीतील कील किंवा माग्डेबुर्ग, हंगेरीतील वेस्प्रेम, पोलंडमधील किएल्त्से अशा एखाद्या गावच्या क्लबाचा त्या रात्री हँडबॉलचा सामना असतो आणि त्या सामन्याचा 'अंदाज' तो वाचत असतो. यजमान संघाने घरच्या मैदानावरील मागील पाच सामन्यांपैकी चार जिंकले आहेत; पाहुण्यांचा डावखुरा खेळाडू खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसणार आहे; दोन्ही संघ वेगवान खेळाबद्दल प्रसिद्ध असल्याने एकूण गोल साठाच्या वर जाण्याचा संभव आहे, असा तपशील त्यात मोठ्या गांभीर्याने दिलेला असतो. मजकुराच्या शेवटी तीन आकडे असतात. यजमान जिंकल्यास एका रुपयाला किती, बरोबरी झाल्यास किती आणि पाहुणे जिंकल्यास किती. त्या आकड्यांखाली पैसे लावण्याची वाट दाखविलेली असते. वरचा सगळा मजकूर या शेवटच्या दोन ओळींसाठी लिहिलेला असतो, हे वाचणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

हँडबॉल हा खेळ हलका नव्हे. प्रत्येक बाजूस सात खेळाडू, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि एका सामन्यात एकेका संघाचे तीसच्या आसपास गोल, असा तो दमसास पाहणारा खेळ आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून बंदिस्त मैदानावरचा हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आहे. भारतातही तो खेळला जातो. जून २०२३ मध्ये जयपूर येथे झालेल्या पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे विजेतेपद 'महाराष्ट्र आयर्नमेन' या संघाने मिळविले. ही बातमी शिवाजी पार्कला रोज फेऱ्या घालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल याची शंकाच आहे. आपल्या राज्याच्या नावाचा संघ जिंकला त्याची वार्ता नाही, परंतु बर्लिनच्या संघाचा गोलरक्षक आज खेळणार की नाही याची चौकशी आहे, या विसंगतीत प्रस्तुत विषयाचे मर्म दडलेले आहे. कुतूहल खेळाविषयी नाही. ते निकालाविषयी आहे. आणि निकालाविषयीचे हे कुतूहल आपोआप उत्पन्न झालेले नसून ते उत्पन्न करण्याचा एक धंदा उभा राहिला आहे. पैज घेणारा पेढीवाला पैसा घेतो हे सर्वांना दिसते. त्याच्याही आधी जो 'अंदाज' विकला जातो, नव्हे फुकट वाटला जातो, त्याकडे कायद्याचे आणि समाजाचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

दादर-परळ-लालबाग या टापूला दूरदेशीच्या आकड्यांवर पैसे लावणे नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होणारे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत असत आणि त्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. ज्या गिरणी कामगाराच्या नाकातोंडात दिवसभर कापसाची तूस जाई, तोच कामगार संध्याकाळी कापसाच्या भावावर चार-आठ आणे लावीत असे. कापसाशी त्याचा संबंध त्याच्या घामाइतका जवळचा होता. परंतु न्यूयॉर्कच्या भावाविषयी त्याला काडीचेही ज्ञान नव्हते, आणि ते असण्याची गरजही नव्हती. किंबहुना न्यूयॉर्क दूर होते म्हणूनच त्याचा त्यावर विश्वास होता. तेथील आकड्यात येथील कोणा पेढीवाल्याला हात घालता येणार नाही, ही त्याची खात्री होती.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे भाव बंद झाले. अर्थशास्त्राच्या पुस्तकी नियमाप्रमाणे पाहिले तर मालच नाहीसा झाल्यावर बाजारही बसावयास हवा होता. घडले ते उलट. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी 'न्यू वरळी' या नावाने आपला मटका काढला. चिठ्ठ्या मडक्यातून काढीत म्हणून मटका हे नाव पडले. पुढे मडके जाऊन पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतील शेवटचा अंक धरायचा. पाच, तीन आणि सहा निघाले तर बेरीज चौदा, म्हणून आकडा चौका. रात्री एकदा 'ओपन' आणि पुन्हा एकदा 'क्लोज'. कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, तारयंत्र गेले, आणि धंदा दसपटीने वाढला. पैजेला मालाची गरज नसते, तिला फक्त ठरल्या वेळी जाहीर होणारा आकडा पुरतो, हा धडा या शहराने त्या काळात सप्रयोग शिकला आहे.

या धंद्याचे गणित साधे होते. दहा अंकांपैकी एक निघणार. तो बरोबर ओळखणाऱ्यास रुपयाला नऊ रुपये. म्हणजे सरासरीने पाहता लावलेल्या प्रत्येक रुपयातील दहा पैसे पेढीवर राहणार. एवढे गणित गिरणीतील जॉबरलाही येत होते आणि कारकुनाला तर येतच होते. तरीही पैसे लागत होते, कारण दरम्यान अंदाजाचा कारभार उभा राहिला होता. मागील आकड्यांचे तक्ते ठेवले जात. सत्ता तीन आठवड्यांत आलेला नाही तेव्हा तो आता येणारच, असे युक्तिवाद चाळीच्या गच्चीवर रंगत. स्वप्नांचे अर्थ लावले जात. पत्त्यांना स्मरणशक्ती नसते, काल कोणता आकडा निघाला हे आजच्या पत्त्यांना माहीत नसते, ही गोष्ट कोणी सांगितली असती तर त्या तक्तेवाल्याने तिची कीव केली असती. तक्ता हातात असलेला माणूस स्वतःला जुगारी समजत नसे. तो अभ्यास करीत असे.

हँडबॉलचा अंदाज हा त्या तक्त्याचाच नातू आहे. मात्र दोहोंत एक फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मटक्याचे पत्ते आंधळे असतात. हँडबॉलचा संघ आंधळा नसतो. माग्डेबुर्गचा संघ एखाद्या दुबळ्या संघापेक्षा खरोखरच श्रेष्ठ आहे; जून २०२५ मध्ये कोलोन येथे त्याने बर्लिनच्या संघाला ३२-२६ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळविले ते काही दैवयोगाने नव्हे. तेव्हा हँडबॉलचा अंदाज खरा ठरू शकतो, आणि अनेकदा तो खरा ठरतोही. मग त्याच्या वाचनात वाईट ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील.

या प्रश्नाचे उत्तर दादरच्या फूलबाजारात सापडते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू महागणार हे दादरमधील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. या ज्ञानाच्या बळावर त्या दिवशी सकाळी कोणी झेंडू घेऊन श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. कारण जे सर्वांना ठाऊक आहे ते भावात आधीच शिरलेले असते. डावखुऱ्या खेळाडूचा खांदा दुखावला आहे ही बातमी दादरच्या तरुणाच्या मोबाइलवर येण्याच्या कितीतरी आधी ती पेढीच्या भावात शिरलेली असते. अंदाज खरा असूनही निरुपयोगी असतो, तो यामुळे. पैजेत फायदा व्हावयाचा तर अंदाज नुसता खरा असून भागत नाही; तो भावापेक्षा अधिक खरा असावा लागतो, आणि तोही पेढीची दलाली भरून निघेल इतका.

ही दलाली कशी मोजावी हे एखाद्या काल्पनिक सामन्यावरून पाहण्यासारखे आहे. समजा, यजमान जिंकल्यास रुपयाला १.३० रुपये, बरोबरीस १३ रुपये आणि पाहुणे जिंकल्यास ४.२० रुपये असा भाव आहे. काहीही निकाल लागला तरी हाती १०० रुपये यावेत अशी व्यवस्था करावयाची, तर यजमानांवर ७६.९२, बरोबरीवर ७.६९ आणि पाहुण्यांवर २३.८१ रुपये लावावे लागतील. बेरीज १०८.४२. म्हणजे १०० रुपये परत मिळविण्यासाठी १०८ रुपयांहून अधिक रक्कम मोजावयाची. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर रुपयातील जवळजवळ आठ पैसे पेढीकडे राहिले. मटकेवाला दहा पैसे ठेवीत होता. युरोपातील प्रतिष्ठित संगणकीकृत पेढी आठ ठेवते. प्रगती झाली ती दोन पैशांची. शिवाय परत आलेले पैसे पुन्हा लावण्याची मनुष्यस्वभावाची रीत आहे. १०० रुपये असे दहा वेळा फिरविले, तर या हिशेबाने सरासरी ४५ रुपये उरतात. मटक्यात ३५ उरले असते. पण मटका रात्रीतून दोनदाच निघत असे. मोबाइलवर दर मिनिटाला नवा भाव निघतो, आणि एक सामना संपण्यापूर्वी जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा सुरू झालेला असतो.

आता या अंदाजाचा लेखक कोण, आणि त्याचे पोट कशावर चालते, हेही पाहावयास हवे. ज्याला उद्याचा भाव आज कळतो तो शहाणा माणूस शेअर बाजारात गुपचूप खरेदी करतो. वर्तमानपत्रात जाहिरात देत बसत नाही. तरीही हे अंदाज फुकट मिळतात. त्याचे कारण असे की परदेशातील या धंद्यात अंदाज लिहिणाऱ्याला पेढीकडून मोबदला मिळण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. एक तर त्याने आणून दिलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ठरावीक रक्कम. किंवा त्या गिऱ्हाइकाच्या एकूण तोट्यातील काही टक्के हिस्सा. दुसऱ्या प्रकारात वाचक जितका बुडेल तितकी लेखकाची मिळकत वाढते. रोग्याच्या दुखण्यावर ज्याची टक्केवारी ठरली आहे अशा वैद्याकडून औषध घेण्यास कोणी तयार होणार नाही. येथे मात्र तेच औषध रोज रात्री घेतले जाते. आणि ज्या थोड्या गिऱ्हाइकांना खरोखरच भावापेक्षा अधिक कळते, त्यांचे काय होते? युरोपातील अनेक पेढ्या अशा माणसाची पैज लावण्याची मर्यादा कमी करीत शेवटी त्याला दारच बंद करतात. हरणाऱ्याला वाटेल तितकी मुभा आणि जिंकणाऱ्याला बंदी, अशी ज्या खेळाची घटना आहे, त्याला कौशल्याचा खेळ म्हणणे हे भाषेचे धाडसच म्हटले पाहिजे.

खेळ म्हणून हँडबॉल अंदाजाला किती दाद देत नाही याचे एक उदाहरण त्या खेळाच्या चाहत्यांत प्रसिद्ध आहे. मे २०१६ मध्ये कोलोन येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात वेस्प्रेमचा संघ २८-१९ असा पुढे होता आणि सुमारे पंधरा मिनिटे उरली होती. नऊ गोलांची आघाडी! किएल्त्सेचा संघ जिंकेल असे त्या क्षणी म्हणणाऱ्यास लोकांनी वेड्यांत काढले असते. निर्धारित वेळ संपली तेव्हा गुणफलक २९-२९ होता. जादा वेळेनंतर ३५-३५. आणि पेनल्टी फेकीवर किएल्त्सेने ३९-३८ असा विजय मिळविला. खेळाचा आनंद तो हाच, आणि पैज लावणाराचा घात तोही हाच. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती अविस्मरणीय पंधरा मिनिटे होती. पगारातील पैसे वेस्प्रेमवर लावून बसलेल्या माणसाला त्या पंधरा मिनिटांत खेळ दिसला असेल असे वाटत नाही.

परंतु याहूनही बोलके उदाहरण फ्रान्समधील आहे. १२ मे २०१२ रोजी फ्रेंच साखळी स्पर्धेत सेसाँ आणि माँपेलिए यांच्यात सामना झाला. माँपेलिएचा संघ त्या काळचा फ्रान्समधील सर्वांत बलाढ्य संघ. त्याचे त्या हंगामाचे विजेतेपद आधीच निश्चित झालेले. सेसाँची धडपड खालच्या वर्गात घसरू नये एवढ्यासाठी चालली होती. अंदाज लिहिणाऱ्या कोणीही माँपेलिएच्याच बाजूने लिहिले असते, आणि सर्व उपलब्ध माहितीच्या आधारे ते योग्यच ठरले असते. मध्यंतरास सेसाँ आघाडीवर होते आणि अखेर ३१-२८ असे जिंकलेही. मध्यंतराला सेसाँ पुढे असेल या एकाच गोष्टीवर, अशा सामन्यावर एरवी लागतात त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे लागल्याचे फ्रान्समधील सरकारी पैज संस्थेच्या नजरेस आले. चौकशी झाली, आणि सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस एका सामन्यानंतर पोलिसांनी खेळाडूंना ताब्यात घेतले. त्यांत निकोला काराबातिच हा त्या खेळातील जगातील अग्रगण्य खेळाडू होता. दुखापतीमुळे तो स्वतः त्या सामन्यात खेळलाही नव्हता. न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला व इतर अनेकांना दोषी ठरविले आणि २०१७ मध्ये अपिलातही त्याच्यावरील ठपका कायम राहिला.

येथे दादरच्या वाचकाने थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. मटक्याच्या जमान्यात न्यूयॉर्क दूर होते म्हणून ते विश्वासार्ह वाटत होते. आज युरोपातील सामना दूर आहे म्हणून तो येथील बुकींच्या हाताबाहेर आहे, असाच समज प्रचलित आहे. क्रिकेटमध्ये २०१३ च्या आयपीएल प्रकरणानंतर 'घरच्या' खेळावरचा विश्वास उडालेला माणूस परदेशी खेळाकडे या आशेने वळतो. परंतु अंतराने सामना शुद्ध होत नाही. उलट, ज्या खेळाला प्रेक्षक कमी, ज्याच्या खेळाडूंचे उत्पन्न मर्यादित आणि ज्यावर पत्रकारांचे डोळे थोडे, त्या खेळात एखाद्या मध्यंतराचा सौदा करणे सोपे जाते. त्या सामन्याची खरी माहिती ज्या थोड्या लोकांपाशी होती ते अंदाज लिहीत नव्हते, पैसे लावीत होते. अंदाज वाचणारे मात्र त्यांच्या समोरच्या बाजूस उभे होते.

आपल्या कायद्याने या सगळ्याकडे दीर्घकाळ एकाच चाळणीतून पाहिले: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळले. १९५० च्या दशकात शब्दकोड्यांच्या स्पर्धांचे पेव फुटले होते. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चमारबागवाला यांची शब्दकोडी चालत आणि मुंबई राज्यातून त्यांना प्रवेशमूल्य जाई. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हेच, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला. मात्र त्याच सुमाराच्या जोडनिकालात ज्या स्पर्धेत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते ती स्पर्धा निराळी, असेही म्हटले. पुढची सहा दशके या एका वाक्याच्या फटीतून अनेकांनी प्रवेश केला. १९६७ मध्ये रमी, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने मोबाइलवर काल्पनिक संघ निवडण्याचा खेळ कौशल्याच्या सदरात गेला. न्यायालयांचा तर्क त्यांच्या चौकटीत बिनचूक असेलही. पण 'कौशल्य' हा शब्द न्यायालयाने उच्चारला आणि जाहिरातदाराने उचलला. अंदाज वाचणाऱ्याला जे ऐकावयाचे होते, की तू जुगारी नाहीस, तू जाणकार आहेस, ते आता कायद्याच्या भाषेत ऐकावयास मिळाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने हा जुना भेद टाकून दिला, ही त्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा. पैसे लावून ऑनलाइन खेळविण्यास बंदी, असे त्याचे स्वरूप आहे. जाहिरातीस दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. घोषणा म्हणून हे ठीक आहे. परंतु कायद्याने पेढी आणि जाहिरात यांना नाव दिले, अंदाजाला दिले नाही. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ सालीच अशी सूचना काढली होती की परदेशी पैज पेढ्या बातम्यांच्या नावाखाली आपली जाहिरात करीत आहेत. ते निरीक्षण अचूक होते, आणि रोगाचे स्थान त्यात नेमके दाखविले होते. जाहिरातीत विक्रेता स्वतःला विक्रेता म्हणवितो, म्हणून वाचक थोडा सावध असतो. अंदाज क्रीडावृत्ताचा वेष घेऊन येतो.

तेव्हा मागणी एवढीच आणि ती नेमकी असावी. ज्या क्रीडालेखनात पैजेचा भाव दिलेला आहे ते लेखन जाहिरात समजले जावे, मग त्याखाली पेढीची वाट दाखविलेली असो वा नसो. सामन्याचे परीक्षण करावे, संघांची तुलना करावी, कोण जिंकेल हेही खुशाल लिहावे. त्याला कोणाची हरकत नसावी. भाव मात्र बातमी नाही. तो एका दुकानाच्या मालाचा दर आहे. १९६१ पासून रस्तोरस्ती पैजेची कायदेशीर दुकाने असलेल्या ब्रिटनमध्येही प्रीमियर लीगच्या फुटबॉल क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या दर्शनी भागावर पैज पेढ्यांची नावे न घेण्याचे २०२३ मध्ये ठरविले. इटलीने तर २०१८ मध्ये अशा जाहिरातींवर सरसकट बंदीचा निर्णय घेतला. पैज चालू ठेवून तिची भलावण रोखण्याची गरज ज्यांना भासली, ते काही सोवळे देश नव्हेत.

अर्थात हा नियम लावावयाचा तर वर्तमानपत्रांना आपल्याच पानांपासून सुरुवात करावी लागेल. महालक्ष्मीच्या शर्यतींचे अंदाज मुंबईतील दैनिके पिढ्यानपिढ्या छापीत आली आहेत. त्या शर्यती कायद्याने मान्य आहेत हे खरे. परंतु घोड्याच्या अंदाजाने वाचकाचे ज्ञान वाढते आणि हँडबॉलच्या अंदाजाने खिसा रिकामा होतो, असे दुहेरी तत्त्वज्ञान कोणालाही पटवून देता येणार नाही. सरकारचेही तसेच आहे. १९६९ पासून महाराष्ट्र राज्य लॉटरी चालविणाऱ्या शासनाने जुगाराविरुद्ध बोलताना आवाज थोडा खालीच ठेवावा लागतो.

पैज खुली करून तिच्यावर कर बसवावा, हा पर्याय काही अर्थतज्ज्ञ मांडतात. विधि आयोगाने २०१८ च्या अहवालात बंदी शक्य नसल्यास नियमन करावे, अशा आशयाची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसविण्यात आला तो त्याच विचाराचा एक अवतार. या पक्षात तथ्य नाही असे नाही. १८८७ चा कायदा असतानाच मटका फोफावला, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर आकडे लिहिले गेले, हा इतिहास बंदीवाद्यांना विसरता येणार नाही. परंतु कराच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सोडून देतात. हा कर उत्पन्नावर नसतो, खर्चावरही नसतो. तो तोट्यावर असतो, आणि तोटा प्रामुख्याने त्यांचा होतो ज्यांना तो परवडत नाही. एकदा तिजोरीला त्याची चटक लागली की अंदाज लिहिणाऱ्याप्रमाणेच सरकारही वाचकाच्या तोट्यातील टक्केवारीचे भागीदार होते.

तोटा कोणाचा, हे आकड्यांत सांगणे कठीण असले तरी त्याची वाट ओळखीची आहे. मटक्याचा आकडा लिहिणाऱ्याकडे रोख पैसे द्यावे लागत आणि खिशातील चिल्लर संपली की माणूस घरी जाई. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कामगाराच्या हातातील पगारच थांबला; त्याबरोबर आकड्याचाही जोर ओसरत गेला. आज कारकुनाचा पगार थेट बँकेत जमा होतो आणि बँक त्याच्या खिशातच असते. रात्री साडेअकराला, घरातील माणसे झोपल्यावर, दिवा न लावता त्यातील शंभर, दोनशे, पाचशे रुपये एका बोटाने हलविता येतात. पुढे पतपेढीचा अर्ज येतो. कारण म्हणून 'घरदुरुस्ती' किंवा 'वैद्यकीय खर्च' लिहिलेले असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत ते परीक्षा शुल्क असते. कर्जाच्या अर्जात हँडबॉल हा शब्द कोठेही नसतो.

शाळा-महाविद्यालयांनी या बाबतीत काही करावयाचे असेल तर उपदेश करू नये. तरुण मुले उपदेशाला भाव लावतात आणि तो फारच कमी लावतात. त्याऐवजी संख्याशास्त्राच्या तासाला एक साधा प्रयोग व्हावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घालावी. तीन महिने रोज एक अंदाज, त्याला सापडेल त्यातला सर्वांत खात्रीचा, तारखेनिशी त्यात उतरवावा, भाव लिहावा, एक रुपयाही न लावता शंभर रुपये लावले असे समजावे, आणि दुसऱ्या दिवशी निकाल लाल शाईने समोर मांडावा. फसलेला अंदाज खोडावयाचा नाही आणि पान फाडावयाचे नाही, एवढी अट. हंगामाच्या अखेरीस वर्गातील साठ वह्यांच्या बेरजा फळ्यावर एकाखाली एक लिहाव्यात, आणि त्यांच्या शेजारी, त्या तीन महिन्यांत अंदाज लिहिणाऱ्याने आपले कोणकोणते अंदाज स्वतःच गुपचूप पुसून टाकले, त्यांची संख्या.